डोकं निघालं का?

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या बायकोला फिट आली. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची. त्या वेळी ती चालकाच्या शेजारी, पायाखाली जादा ब्रेक असलेल्या सीटवर बसली होती. चालवत होते एक निवृत्त मोजणीदार, शिकायला लागून त्यांना बारा दिवस झाले होते. ते नंतर सगळ्यांना एकच हकिकत सांगत राहिले. बाई म्हणाल्या, डावीकडे घ्या. मग पुन्हा म्हणाल्या, डावीकडे. मग नुसतंच ‘डा’ म्हणून थांबल्या, मान खिडकीकडे वळली आणि उजवा हात मांडीवर आपटायला लागला. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले, सगळं शिकवलेल्या क्रमाने. “आज पहिल्यांदा माझं काही चुकलं नाही,” ते हॉस्पिटलच्या बाकावर बसून म्हणाले, आणि आपण हे काय बोललो असं वाटून चष्मा पुसत बसले.

त्याला फोन आला तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. तो दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या तळघरात, लोकांची विष्ठा तपासायच्या टेबलाशी, चौदा नंबरची स्लाइड बघत होता. हातात मोजे होते म्हणून शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञ मुलीने फोन त्याच्या कानाला लावून धरला. त्याने ऐकून घेतलं, “येतो” म्हणाला, आणि डोळा पुन्हा मायक्रोस्कोपला लावला. चौदा नंबरची स्लाइड त्याने शेवटच्या ओळीपर्यंत बघितली. कागदावर शिक्का मारला आणि मगच मोजे काढले. असं का केलं हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही. त्या मुलीने मात्र बघितलं होतं. ती एरवी तोंडाळ होती. शिक्क्यावरून तिने त्याची बरीच थट्टा केली होती. “जंत, अंडी, कोष: आढळले नाहीत” असा तो रबरी शिक्का आठ वर्षांपूर्वी त्याने पदरचे पैसे घालून करून घेतला होता, कारण दिवसाला साठ वेळा तेच वाक्य लिहून बोटाला घट्टा पडला होता. नियमाप्रमाणे प्रत्येक नमुन्याच्या तीन स्लाइड करायच्या आणि प्रत्येक स्लाइड शेत नांगरल्यासारखी, एक ओळ खाली, एक ओळ वर, अशी पूर्ण बघायची. दुपारच्या डब्यापर्यंत तो तसं करायचा. डब्यानंतर तीन स्लाइडची एक व्हायची, आणि चार वाजल्यानंतरच्या नमुन्यांत तर दोन ओळी बघून हात आपोआप शिक्क्याकडे जायचा. “सर, तुमच्या शिक्क्यानं गावाचं पोट साफ ठेवलंय,” ती मुलगी म्हणायची. आज तिने फक्त त्याचा डबा त्याच्या पिशवीत घालून दिला.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या होत्या आणि बोलताना समोरच्याकडे न बघता फिल्मकडे बघत. त्यांनी स्कॅन दिव्यावर लावला आणि पेन्सिलीचं टोक ठेवण्याआधीच त्याला दिसलं. करड्या रंगात एक पांढरं कडं, वाटाण्याएवढं, आणि कड्याच्या आत, जरा बाजूला, एक ठिपका. हे चित्र त्याने परीक्षेच्या पुस्तकात पाहिलं होतं आणि पाठ केलं होतं. खाली काय लिहिलेलं असतं तेही त्याला आठवलं. तो ठिपका म्हणजे डोकं. पट्टकृमीचं, फितीसारख्या लांबलचक चपट्या जंताचं पिल्लू, गाठीत गुंडाळून पडलेलं, आणि त्याचं डोकं. “तुम्ही लॅबमध्ये आहात ना, मग तुम्हाला काय सांगायचं,” बाई म्हणाल्या आणि तरीही सांगायला लागल्या. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात जंत होतो, तो एक प्रकार. तो आतड्यात वर्षानुवर्षं सुखाने राहतो, माणसाला पत्ता लागत नाही. पण त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात, नखांत राहतात, हाताला राहतात, आणि त्या हाताने केलेलं कच्चं काही दुसऱ्याच्या पोटात गेलं, की पिल्लं रक्तातून निघतात ती थेट डोक्यात येऊन बसतात. “म्हणजे तुमच्या मिसेसनी काय खाल्लं हा प्रश्नच नाही. ते कुणी कालवलं हा प्रश्न आहे. स्वयंपाक कोण करतं?”

“आई.”

“घरात कुणाला पट्टकृमी झाला होता? कधीही, मागे?”

“नाही,” तो म्हणाला. उत्तर इतक्या चटकन आलं की त्याला स्वतःलाच हातात शिक्का असल्यासारखं वाटलं.

बाईंनी लिहून दिलं. बायकोला फिटच्या गोळ्या, सूज उतरायच्या गोळ्या, आणि त्या चार दिवस पोटात गेल्यावर जंताच्या. गाडी बंद, निदान सहा महिने. मग पुन्हा स्कॅन, मग बघू. घरातल्या तिघांचे तीन-तीन दिवसांचे नमुने. “आणि सापडलं तर आपणच शहाणपणा करून गोळी देऊ नका,” चिठ्ठी फाडता फाडता त्या म्हणाल्या. “लॅबवाले करतात तसं. आधी त्या माणसाला माझ्याकडे आणा. ती गोळी आतड्यातल्या जंताला मारते, पण डोक्यात कुणी निजलेलं असेल तर त्यालाही डिवचते. आधी स्कॅन, मग गोळी.” तो हो म्हणाला. बाहेर बायको चाकाच्या खुर्चीत बसली होती, जिभेला चावा बसला होता म्हणून तोंड नीट मिटत नव्हतं. “सहा महिने,” त्याने सांगितलं. ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्या काकांची परीक्षा पुढच्या सोमवारी आहे.”

आई स्वयंपाकघरात काकडी चिरत होती. बातमी तिला कळली होती, आणि कळल्यापासून तिने घर धुऊन काढलं होतं, सुनेची गादी उन्हात घातली होती, सूप चढवलं होतं. काकडी, कोबी, गाजर असं काहीतरी कच्चं रोज पानात पाहिजे ही सुनेचीच हौस; लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात ती भीत भीत म्हणाली होती, आई, मला थोडं कच्चं द्याल का, आणि तेव्हापासून अकरा वर्षं आई तिच्यासाठी वेगळा वाडगा करायची. लिंबू पिळायची, मीठ टाकायची, आणि मग चमचा बाजूला ठेवून पाचही बोटांनी कालवायची. हाताने कालवल्याशिवाय चव येत नाही हे तिचं म्हणणं. ती हात धुवायची नाही असं नव्हतं. धुवायची. पण दिवसातून वीस वेळा कामात असलेला हात माणूस कितीदा धुणार, आणि नखाच्या कोपऱ्यात काय असतं ते मायक्रोस्कोपशिवाय कुणाला दिसतं. तो दारात उभा राहून तिच्या बोटांकडे बघत राहिला. बोटं जाड, सांध्यांत वाकडी झालेली, काकडीच्या पाण्याने चकाकणारी. या बोटांनी त्याला भरवलं होतं. “उभा काय राहिलास खांबासारखा,” आई म्हणाली. “तिला विचार, बाहेर काय काय खाल्लंन. दिवसभर गाडीत फिरायचं, आणि कुठल्यातरी टपरीवर काहीबाही तोंडात टाकायचं. मी किती वर्षं सांगते आहे. घरचं खाल्लेल्याला कधी काही झालंय?” आतल्या खोलीतून बायको म्हणाली, “आई, मी ऐकतेय.” “ऐकायलाच बोलतेय मी, पोरी,” आई म्हणाली, आणि वाडगा घेऊन आत गेली. त्याने तो वाडगा मध्येच तिच्या हातातून घेतला. डॉक्टरांनी कच्चं बंद केलंय, म्हणाला. आईने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग म्हणाली, “बरं. मग शिजवून देते.” काकडी कुणी शिजवत नाही हे तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं.

त्याला लहानपणी जंत फार व्हायचे. तिन्ही भावंडांना व्हायचे. हवा बदलली, मुलं झोपेत दात खायला लागली, की आईचा कारभार सुरू. अनशापोटी किसलेलं गाजर, दुसरं काही नाही, दुपारपर्यंत. त्याने नाही भागलं तर लसणाच्या पाकळ्या ठेचून दुधाबरोबर. त्यानेही नाही तर पपईच्या बिया, वाळवून कुटलेल्या, मिऱ्यासारख्या तिखट, मधात कालवून. आणि शेवटी नाक दाबून एरंडेल. मग तिघं ओळीने तीन भांड्यांवर. आई प्रत्येक भांड्यात काडीने ढवळून बघायची आणि आकडा जाहीर करायची. तुझे चार, तुझे सात, तुझा एकच पण काय तो दांडगा. बाप टेबलाशी बसून म्हणायचा, बाई, मी जेवतोय. ती म्हणायची, बाहेर पडलेल्याची लाज कसली, आत असताना लाजायचं. तिच्या कुठल्याही मुलाला जंतासाठी डॉक्टरकडे न्यावं लागलं नाही, याचा तिला पदवी मिळाल्यासारखा अभिमान होता. त्याने पुढे हाच धंदा धरला तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला होता, आईची गादी चालवतोय. गंमत म्हणून म्हणाला, पण ते खरंच होतं. काडीने ढवळताना तिच्या चेहऱ्यावर किळस नसायची, नुसतं लक्ष असायचं, आणि ते लक्ष त्याला लहानपणी जगातली सगळ्यात मोठी विद्या वाटायचं. बाप डुकराचं मांस आणायचा तेव्हा हीच बाई पातेल्याशी उभी राहून मीठ बरोबर आहे का ते बघायला एखादा तुकडा अर्धाकच्चाच तोंडात टाकायची. बाप जाऊन सहा वर्षं झाली. तो गेल्यावर तिने मांस शिजवलं नाही. पण तेव्हा जे आत गेलं ते राहिलं.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तिने त्याला न्हाणीघरात बोलावलं होतं. पांढऱ्या कागदावर एक चपटा तुकडा होता, नखाएवढा, आणि तो आखडत होता, सैल होत होता. “फीत आहे ना ही?” तिने विचारलं. त्याने हो म्हटलं. हॉस्पिटलला चल, एक गोळी, संपलं, असंही म्हटलं. ती म्हणाली, “तुमच्या गोळ्या जंत मारतात आणि पोटही मारतात. माझ्याकडे औषध आहे.” मग पुढच्या रविवारचा बेत ठरला. शनिवारी दिवसभर ती लाल भोपळ्याच्या बिया सोलत बसली, एक एक, आतली हिरवी साल न दुखवता, दोन ओंजळी भरतील इतक्या. रात्रीचं जेवण सोडलं. रविवारी सकाळी त्या बिया वाटून मधात कालवल्या आणि चमच्याने खाल्ल्या. दोन तासांनी एरंडेल. आणि मग कोमट पाण्याच्या घमेल्यावर बसली, कारण थंड लागलं की जंत आखडतो आणि तुटतो, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. अकरा वाजता तिने हाक मारली. घमेल्यात फीत होती. पांढरी, पिवळसर, वेटोळं घातलेली, दोन हातांपेक्षा लांब, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होत दोऱ्यासारखी झालेली. आईचा चेहरा घामाने भिजला होता आणि डोळे चमकत होते. “डोकं बघ,” ती म्हणाली. “डोकं राहिलं तर सगळं राहिलं. तुमच्या पुस्तकात पण हेच असेल.” पुस्तकात हेच होतं. डोकं टाचणीच्या टोकाएवढं. ते मागे राहिलं तर अडीच-तीन महिन्यांत फीत पुन्हा वाढते. घमेल्यातलं सगळं बारीक चाळणीतून ओतायचं, धुवायचं, काळ्या ताटात पसरायचं, भिंग घेऊन बसायचं. तासभर लागतो. लॅबमध्ये परक्या माणसांसाठी त्याने हे दोनदा केलं होतं, डबा खाऊन आल्यावर.

त्याने घमेलं उचललं आणि दार लावून घेतलं. पाणी अजून कोमट होतं. ते कोमट होतं, एवढंच. लॅबमध्ये सगळं गार येतं, डबीत येतं, नंबर लावून येतं. हे आईच्या अंगाइतकं उबदार होतं आणि त्याच्या मनगटाला लागत होतं. बाहेर बायको कपडे करून उभी होती. बाराला दोन खोल्यांची एक जागा बघायला जायचं होतं, दोघांचीच, आईशिवाय. “अरे, किती वेळ,” तिने दारावर टकटक केली. चाळणी नेमकी कुठे होती हे त्याला माहीत होतं. तो फितीच्या निमुळत्या टोकाकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं की टोक तुटलेलं दिसतंय. वाटलं फक्त. बघितलं नाही. मग त्याने घमेलं संडासात रिकामं केलं, साखळी ओढली, हात धुतले, पुन्हा धुतले. दार उघडलं तेव्हा आई भिंतीला धरून उभी होती.

“डोकं निघालं का?”

“निघालं,” तो म्हणाला.

ती हसली. तशी ती नंतर कधी हसलेली त्याला आठवत नव्हती. जागा बघून ते दोघं परत आले तेव्हा तिने एवढा स्वयंपाक करून ठेवला होता की टेबलावर जागा नव्हती, आणि बायकोसाठी वाडगाभर कोबी, लिंबू पिळून, हाताने कालवलेला. जेवता जेवता बायकोच म्हणाली, राहू दे ती जागा. अंधारी आहे. इथेच बरं आहे.

नमुन्यांचं ऐकून आई बिथरली नाही, तिला हसू आलं. “माझं कशाला? माझं तर तू स्वतः बघितलंयस.” मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, “बरं बाबा, देते. आयुष्यभर तुमची भांडी मी बघितली, आता माझं तू बघ.” बायको दिवसभर झोपायची आणि जागी झाली की भिंतीकडे तोंड करून पडायची. सूज उतरायच्या गोळीने तिचा चेहरा फुगला होता. एकदा ती म्हणाली, “कुठून आलं असेल रे?” तो म्हणाला, “कुठूनही येतं. पाण्यातून, भाजीतून.” ती म्हणाली, “तू माझ्याकडे असा स्लाइड बघितल्यासारखा बघू नकोस.” तो दुसरीकडे बघायला लागला, तर तिथे आई सूप घेऊन उभी होती. आईने तिला उठवून बसवलं, पाठीशी उशी लावली, आणि आपल्या हाताने चमचा चमचा भरवलं. “टपरीवरचं बंद आता,” भरवता भरवता ती म्हणाली. बायकोने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला उत्तर द्यायचं बळ नव्हतं की तिलाही ते पटायला लागलं होतं, हे त्याला कळेना. माणसाला आठ वेळा सांगितलं की तुझं तूच ओढवून घेतलंस, तर नवव्या वेळी ते माणूस टपऱ्या आठवायला लागतं. ती आठवत होती. गुरुवारी सकाळी तिने त्याला एक यादी सांगितली, कुठे कुठे काय खाल्लं त्याची, गेल्या दोन वर्षांतली, आणि म्हणाली, डॉक्टरांना दाखव. त्याने ती लिहून घेतली.

गुरुवारचे तीन नमुने त्याने सकाळी, पहिल्यांदा, डोळे ताजे असताना बघितले. तीन-तीन स्लाइड, प्रत्येक ओळ. काही नव्हतं. शुक्रवारी तसंच. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधून निघताना त्याला जवळजवळ हलकं वाटत होतं. कदाचित डोकं खरंच निघालं होतं. न बघता सांगितलेली गोष्ट खरी असू शकते. किती तरी शिक्के खरेच असतील. शनिवारी सव्वादहा वाजता, आईच्या तिसऱ्या नमुन्याच्या दुसऱ्या स्लाइडवर, चौथ्या ओळीत, एक अंडं होतं. गोल, तपकिरी, जाड कवचाचं, कवचावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. एकच. त्याने काच सरकवली आणि परत आणली. ते तिथेच होतं. पट्टकृमीची अंडी रोज पडत नाहीत, दोन दिवस कोरडे जाऊ शकतात, म्हणून तर तीन नमुने. हेही त्याने पाठ केलेलं होतं. शेजारच्या मुलीने विचारलं, “काय आहे सर, फार वेळ बघताय.” तो म्हणाला, “फुलाचा पराग असेल.” ती म्हणाली, “बघू?” आणि खुर्ची सरकवून उठलीसुद्धा. त्याने काच काढून जंतुनाशकाच्या बरणीत टाकली. ती अर्ध्यावर थांबली, बरणीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. त्याने आईच्या कागदावर शिक्का मारला. शाई जरा जास्त लागली होती. ‘आढळले’ मधला ‘ढ’ भरून गेला.

लिहिलं असतं तर काय झालं असतं याचा हिशोब त्याने जिन्यावर उभं राहून मांडला. मेंदूच्या बाई म्हणाल्या असत्या, तुम्ही तर नाही म्हणाला होतात. आईला सांगावं लागलं असतं. कसं सांगायचं, की सुनेच्या डोक्यात जे आहे ते तुझ्या बोटांनी गेलं, आणि तुझ्या पोटात जे आहे ते माझ्या तोंडच्या एका शब्दाने राहिलं. आणि बायकोला. बायकोने चार वर्षं तो वाडगा संपवला होता. न लिहिता काय होईल हेही त्याला माहीत होतं, म्हणून तो औषधांच्या खिडकीपाशी गेला आणि ओळखीच्या माणसाकडून एक गोळी मागून घेतली. माणसाने चिठ्ठी मागितली नाही. तिला स्कॅनला न्यायचं म्हणजे तिला सांगायचं. बाईंनी सांगितलेलं तो विसरला नव्हता. त्याने ते शेजारी ठेवलं, डब्यानंतरच्या नमुन्यांसारखं. म्हातारीच्या डोक्यात काही नसेल. शंभरातल्या कितीतरी जणांच्या नसतं. चार वाजता त्याने तिन्ही अहवाल बाईंच्या टेबलावर नेऊन दिले. बाईंनी ते वरवर चाळले. “मग घरातून नाही,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तो आईला म्हणाला, “खबरदारी म्हणून तुझं ते औषध घ्यायचं का? भोपळ्याच्या बियांचं? तू आणि मी. ती बरी झाल्यावर ती.” आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग पाठ फिरवून कपाटातून बियांची बरणी काढली, आणि बराच वेळ तिने तोंड इकडे केलं नाही. “फिरून फिरून माझ्याच औषधाशी आलास,” ती म्हणाली. “एवढी वर्षं काचेतून बघून.” ती सोलायला बसली. तोही बसला. बायको दारात येऊन उभी राहिली, फुगलेल्या चेहऱ्याने दोघांना बघत, आणि मग तीही खाली बसून सोलायला लागली. तिघं बिया सोलत होते, आणि आईला सुख झालेलं इतकं उघड दिसत होतं की त्याला मान वर करवेना.

रविवारी सकाळी सात वाजता बिया त्यानेच वाटल्या. आईच्या वाटीत गोळी कुटून घातली आणि मध जरा जास्त घातला. ती गोळी जिभेवर फार कडू लागते. आईने पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबली.

“कडू निघाल्या रे बिया यंदा.”

“एखादी खराब असेल.”

“तुझी कशी आहे?”

“माझीही कडूच.”

“मग ठीक,” ती म्हणाली. “कडू तेच गुणाचं.” आणि वाटी बोटाने पुसून खाल्ली.

नवाला एरंडेल. साडेअकराला तिने घमेलं दाराबाहेर सरकवलं, आणि म्हणाली, “फीतबीत दिसत नाही बुवा. तू बघ.” या गोळीने जंत आतच विरतो, पुष्कळदा हाती काहीच लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरीही त्याने दार लावलं, मोजे चढवले, चाळणी घेतली, सगळं थोडं थोडं ओतलं, धुतलं, काळ्या ताटात पसरलं, आणि खाली फरशीवर बसून भिंग डोळ्याला लावलं. चार वर्षांपूर्वी लागला असता तेवढाच वेळ लागला. मग दुप्पट लागला. फाटक्या कागदासारखे पांढरे कपटे होते. त्याने ते सुईने एक एक उलटे केले. नळ गळत होता. मागे दार उघडल्याचं त्याला कळलं नाही.

“काय शोधतोयस?” बायकोने विचारलं.

तो थकून म्हणाला, “डोकं.”

ती दाराच्या चौकटीला टेकली. ताटाकडे बघितलं, त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं, चाळणीकडे बघितलं. ती गाडी शिकवायची. समोरचा माणूस काय करणार हे त्याने करायच्या आधी ओळखणं हेच तिचं काम होतं. “त्या रविवारी,” ती हळूहळू म्हणाली, “आपण जागा बघायला गेलो तेव्हा तू दहा मिनिटांत बाहेर आला होतास.” त्याने सुई ताटाच्या कडेला ठेवली. “दहा मिनिटांत,” ती पुन्हा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती मोजत होती. तिने आपला हात आपल्या डोक्यावर, उजव्या कानाच्या वर, ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. गाठ डावीकडे होती. ते सांगावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “निघालं का रे डोकं?”

बायकोने त्याच्याकडे बघितलं, सांग म्हटल्यासारखं.

“अजून बघतोय,” तो म्हणाला.

“बघ बघ, नीट बघ,” आई म्हणाली. “घाई नाही.” मग चमचा फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. “हा चमचा बघ हातात राहीना,” ती म्हणाली, काहीशी वैतागून, कुणाला उद्देशून नाही. “डाव्या हाताला मुंग्या आल्यात.”

तेव्हा दुपारचे एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ताटात डोकं सापडलं नव्हतं. बायकोने फोन उचलून त्याच्यापुढे धरला होता आणि त्याच्या हातात अजून मोजे होते. दीड वाजता मुंग्या कोपरापर्यंत आल्या होत्या.